दाब वाढला आणि पाइप निसटू लागले: एका सोसायटीच्या बागेतील नळजोडांचे प्रकरण

पार्श्वभूमी

पुण्यातली एक गृहनिर्माण सोसायटी. खाली पार्किंग, वर सात मजले, इमारतीच्या तिन्ही बाजूंनी बाग. बागेला तीन नळ: एक फाटकाजवळ, दुसरा हिरवळीच्या कडेला आणि तिसरा मागच्या पश्चिमेकडच्या भिंतीवर.

सुरुवातीपासून या नळांना बोअरचे पाणी येत असे. दीड मीटर उंच ओट्यावर दोन हजार लिटरची प्लॅस्टिकची टाकी होती आणि तिथून पाणी उताराने नळापर्यंत यायचे. उन्हाळ्यात बोअर आटायची, म्हणून समितीने फेब्रुवारीत बागेची लाइन एसटीपीच्या, म्हणजे सोसायटीच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्राच्या, प्रक्रिया केलेल्या पाण्यावर घेतली. हे पाणी गच्चीवरच्या वेगळ्या टाकीत चढवून आधीपासूनच सर्व फ्लॅटच्या फ्लशला दिले जात होते. त्याच उभ्या लाइनला खाली टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, टाकून बागेची शाखा काढली.

निर्णय योग्यच होता. झाडांना पिण्याचे पाणी घालण्यात काही अर्थ नाही. मात्र लाइन बदलताना नळापाशी किती दाब येईल याचा हिशेब कोणी केला नाही.

हा हिशेब तोंडी होण्यासारखा आहे. पाण्याची उंची दहा मीटर असली की दाब साधारण १ किलो प्रति चौरस सेंटिमीटर. जुन्या टाकीतली पातळी नळापेक्षा जेमतेम दोन मीटर वर होती, म्हणजे दाब ०.२. गच्चीवरच्या टाकीतली पातळी नळापेक्षा सुमारे २६ मीटर वर, म्हणजे २.६. पाइप, क्लिपा आणि जोड तेच राहिले, दाब तेरा पट झाला.

अडचण

मार्चपासून तक्रारी सुरू झाल्या, आणि प्रत्येक नळाची तक्रार वेगळी होती.

फाटकाजवळच्या नळाला जुन्या पद्धतीची नोझल, म्हणजे पाइप चढवायचे तोंड, होती. तिच्यावर अर्धा इंची साधा हिरवा पाइप चढवून तारेने आवळलेला. तो दर दोन-तीन दिवसांनी निसटायचा. माळीमामा पाइपचे टोक कापून पुन्हा चढवायचे आणि तार आणखी पिळायचे.

हिरवळीच्या नळाला आटे नव्हते. साध्या बिबकॉकवर, म्हणजे भिंतीतल्या नेहमीच्या नळावर, रबराचा, स्क्रूने आवळायचा ‘कुठल्याही नळाला बसणारा’ अडॅप्टर आणि पुढे क्लिक होणारा कनेक्टर होता. अडॅप्टर उडायचा. तो काढून आट्यांचा नळ आणि आट्यांचा प्लॅस्टिक अडॅप्टर बसवला, तर उडणे थांबले पण अडॅप्टरच्या रिंगेखालून सतत पाणी ठिबकू लागले. प्लंबरने त्यावर टेफ्लॉन टेपचे थर चढवले. ठिबकणे वाढले.

मागच्या भिंतीवरच्या नळाला नवाकोरा, जाळीचा, पाऊण इंची, ३० मीटरचा पाइप घेतला होता. त्याच्या टोकाला एका रहिवाशाने अमेरिकेहून आणलेले फवाऱ्याचे पितळी नोझल. हा सगळ्यात भारी संच, आणि सगळ्यात मोठा घोटाळाही त्यानेच घातला. एप्रिलमधल्या एका रविवारी सकाळी पाणी घालून झाल्यावर नोझल फिरवून बंद केले गेले, नळ मात्र चालूच राहिला. दुपारच्या उन्हात पाइप निपलवरून, म्हणजे तो ज्या कडीदार नळीवर चढवतात तिच्यावरून, सरकून पडला. पुढच्या दोन-अडीच तासांत गच्चीवरची टाकी रिकामी झाली आणि सातही मजल्यांवरच्या फ्लशचे पाणी गेले. नंतर मोजून पाहिले, तेव्हा त्या उघड्या नळाखाली २० लिटरची बादली अर्ध्या मिनिटात भरत होती, म्हणजे तासाला २४०० लिटर.

त्या संध्याकाळच्या बैठकीत खापर माळीमामांवर फुटले. “मामा, नळ बंद करायला काय होतं?” हा प्रश्न चुकीचा नव्हता, अपुरा होता. इतकी वर्षे ते असेच पाइपच्या टोकाला पाणी थांबवत आले होते आणि कधी काही बिघडले नव्हते.

तपासणी

समितीने दुसऱ्या एका अनुभवी प्लंबरला बोलावले. त्याने सामान आणण्याआधी दाब मोजला. नळ आणि पाइप यांच्यामध्ये टी टाकून ० ते ७ किलोचे दाब मोजायचे गेज बसवले. फवारा चालू असताना काटा १.६ वर होता. टोकाचे नोझल बंद करताच तो २.६ वर गेला. हिरवळीच्या पाइपला चाप दाबून चालवायची गन होती. चाप झटकन सोडला की काटा क्षणभर साडेतीनपर्यंत उडून परत यायचा.

या तीन आकड्यांत निम्मे उत्तर होते. पाणी वाहत असताना जोडावर ताण कमी असतो, टोकाला अडवले की पूर्ण दाब जोडावर येतो. म्हणून पाइप पाणी घालताना निसटत नव्हते, पाणी घालून झाल्यावर निसटत होते, जेव्हा बघायला कोणी नसे.

हा ताण किलोत मांडला की लगेच पटतो. अर्धा इंची पाइपच्या आतल्या छिद्राचे क्षेत्रफळ सुमारे १.२७ चौरस सेंटिमीटर, म्हणजे २.६ च्या दाबाला जोड सुटण्याच्या दिशेने सुमारे ३.३ किलोचा जोर बसतो. पाऊण इंचीचे क्षेत्रफळ २.८४, त्यामुळे जोर ७.४ किलो. जुन्या टाकीवर अर्धा इंची जोडाला जेमतेम पाव किलो सोसावा लागत होता. तेवढ्याला तार काय, सुतळीही पुरली असती. ‘मोठा पाइप म्हणजे मजबूत’ या समजुतीने पाऊण इंची घेतला गेला, पण त्यामुळे जोडावरचा जोर दुपटीहून वाढला.

यानंतर प्रत्येक जोड कोरड्या फडक्याने पुसून त्यावर वर्तमानपत्राची पट्टी गुंडाळली, नळ पूर्ण उघडला, टोक बंद ठेवले आणि पाच मिनिटे थांबले. पाणी पाइपवरून ओघळत खालच्या टोकाशी ठिबकते, त्यामुळे ठिबकण्याची जागा आणि गळतीची जागा बहुधा वेगळी असते. कागद जिथे आधी ओला होतो ती खरी जागा. हिरवळीच्या नळावर इतके दिवस रिंगेखाली दिसणारे पाणी निम्मे तरी वरून, नळाच्या चावीच्या दांड्यापासून येत होते. दांड्याभोवतीचे पॅकिंग आवळायचा नट पाव फेरा फिरवला आणि ते थांबले. उरलेले खरोखरच रिंगेतले होते.

काय सापडले

*फाटकाजवळचा नळ.* साधा, जाळी नसलेला पीव्हीसी पाइप दाबाखाली फुगतो, ऊन लागले की मऊ पडून आणखी फुगतो. फुगला की नोझलवरची पकड जाते. तार पाइपला गोलाकार सारखी दाबत नाही, एका रेषेत कापते. जितकी पिळावी तितका पाइप आतून चिरत होता.

*हिरवळीचा नळ.* अडॅप्टर पाऊण इंची होता आणि अर्धा इंची नळाला बसावा म्हणून आत एक रिड्युसर होता. अशा अडॅप्टरमध्ये दोन वायसर लागतात: लहान वायसर रिड्युसर आणि नळाच्या तोंडामध्ये, मोठा रिड्युसर आणि अडॅप्टरच्या बुडामध्ये. मोठा वायसर नव्हताच. तो पाकिटातच राहिला असावा.

टेफ्लॉनचे थर का बाधले, हे नीट समजून घेण्यासारखे आहे. या जोडात पाणी आटे अडवत नाहीत, सपाट वायसर अडवतो. आट्यांचे काम फक्त वायसर दाबून धरणे. आट्यांवर टेप चढवली की रिंग मध्येच घट्ट लागते, आवळल्यासारखे वाटते, पण वायसरपर्यंत दाब पोचत नाही. टेप लागते ती नळ भिंतीतल्या सॉकेटमध्ये जातो तिथे, कारण तिथे वायसर नसतो.

*मागचा नळ.* इथे दोन दोष होते. पहिला निपलचा. पाऊण इंची पाइप आतून १९ मिलिमीटर, आणि पितळी निपलचे सर्वांत जाड कडे मोजले तर १८. निपलची कडी पाइपच्या आतल्या मापापेक्षा जराशी मोठी हवीत, पाइप ताणून चढवावा लागला पाहिजे. इथे तो हाताने अलगद सरकत होता आणि सगळा भार क्लिपवर होता. क्लिप दोनदा आवळून झाली होती, तिच्या खाचांत पाइपचे रबरासारखे उंचवटे वर आले होते. त्यात ऊन. पाइपवर छापलेला दाब साध्या तापमानाचा असतो. पश्चिमेच्या भिंतीशी उन्हात पडलेल्या, पाण्याने भरलेल्या पाइपला तो लागू होत नाही.

दुसरा दोष अमेरिकन नोझलचा. आपल्याकडचे पाऊण इंची आटे ब्रिटिश मापाचे, इंचाला १४, बाहेरचा व्यास २६.४ मिलिमीटर. अमेरिकेतल्या बागेच्या पाइपचे आटे इंचाला साडेअकरा आणि व्यास सुमारे २७ मिलिमीटर. व्यास इतका जवळचा की पहिला फेरा सहज बसतो, दीड फेऱ्यानंतर अडकतो. जोर लावला तर मऊ बाजूचे आटे कापले जातात. परदेशातून नातेवाइकांनी आणलेली बागेची साधने पुण्या-मुंबईत पुष्कळ घरांत आहेत, त्यांतली अमेरिकन साधने याच कारणाने गळू शकतात. किती टेप लावावी याला इथे उत्तर नाही. माप जुळवणारा अडॅप्टर आणावा, नाहीतर इथले नोझल घ्यावे.

कोणते पर्याय तोलले

सगळे जोड काढून एकाच कंपनीचा क्लिकचा संच बसवावा, ही पहिली सूचना. क्लिकचे जोड सोयीचे असतात, पण माळीकामाच्या रोजच्या ओढाताणीत त्यांचे दात झिजतात, आणि एका कंपनीचा नर दुसऱ्या कंपनीच्या मादीत क्लिक होऊनही दाबाखाली सुटतो. संच सरसकट बदलला असता तरी २.६ चा दाब तसाच राहिला असता.

बाग पुन्हा खालच्या टाकीवर घ्यावी, एसटीपीचे पाणी तीत सोडावे, ही दुसरी. दाबाचा प्रश्न मुळातूनच सुटला असता. पण ०.२ च्या दाबाला फवारा होत नाही, आणि टाकी भरण्याचा नवा व्याप लागला असता. समितीतल्या तीनपैकी दोन सभासदांना हाच पर्याय आवडला होता. प्लंबरने तो नाकारला नाही, मागे ठेवला.

बागेच्या शाखेवर दाब कमी करणारा व्हॉल्व्ह, म्हणजे पीआरव्ही, ही तिसरी. खर्च एकदाच, आणि तिन्ही नळांना फायदा.

चौथी सूचना एका सभासदाची: बाग पिण्याच्या पाण्याच्या लाइनला जोडावी, म्हणजे फ्लशची टाकी रिकामी होणार नाही. ही ताबडतोब बाद झाली, आणि बाद व्हायलाच हवी होती. बागेच्या पाइपचे टोक खताच्या बादलीत बुडालेले असते. वरच्या लाइनमध्ये पाणी उतरले की बादलीतले पाणी उलटे ओढले जाऊ शकते.

ठिबक सिंचनाचाही विचार झाला. तो सर्वांत योग्य होता, पण झाडांची मांडणी बदलायची असल्याने पुढच्या वर्षावर गेला.

निर्णय असा झाला: आधी जोड दुरुस्त करायचे, मग पीआरव्ही बसवायचा. क्रम उलटा असता तर दाब कमी होऊन वाईट जोड तात्पुरते टिकले असते आणि कुठला जोड मुळातच चुकीचा आहे ते झाकले गेले असते.

काय केले

फाटकाजवळ नोझलचा नळ काढून बाहेर पाऊण इंची आटे असलेला, भिंतीकडे अर्धा इंची बिबकॉक बसवला. सॉकेटमध्ये जाणाऱ्या आट्यांवर टेफ्लॉन टेपचे दहा फेरे, त्या आट्यांच्या टोकाकडून पाहिले तर घड्याळाच्या दिशेने, म्हणजे आवळताना टेप उलगडत नाही. तोंड खाली येईपर्यंत आवळायचे. थोडे पुढे गेले म्हणून मागे फिरवायचे नाही, मागे फिरवलेली टेप गळते. पुढे गेले तर काढून नवी टेप.

अर्धा इंची साधा पाइप रद्द करून जाळीचा घेतला. निपल बसवण्याची पद्धत तिन्ही ठिकाणी एकच ठेवली. पाइपचे टोक धारदार कटरने काटकोनात कापायचे, तिरके कापले तर एक बाजू निपलच्या खांद्याला टेकत नाही. जुन्या पाइपचे फुगलेले टोक दहा सेंटिमीटर तरी कापून टाकायचे. टोक मिनिटभर गरम पाण्यात धरायचे. काडी किंवा लायटर नको, त्याने बाहेरून जळते आणि आत कडकच राहते. क्लिप आधी पाइपवर ओवायची, हे विसरले की सगळे पुन्हा. पाइप खांद्यापर्यंत रेटायचा. क्लिप टोकापासून चार-पाच मिलिमीटर आत, निपलच्या कड्यांवर येईल अशी.

क्लिपा स्टीलच्या आणि आतून गुळगुळीत पट्टीच्या घेतल्या. अर्धा इंची जाळीच्या पाइपचा बाहेरचा व्यास १७-१८ मिलिमीटर भरला, त्याला १२ ते २० मापाची. पाऊण इंचीला २० ते ३२. पाऊण इंचीवर दोन क्लिपा, स्क्रू एकमेकींच्या विरुद्ध बाजूला, म्हणजे एकीच्या स्क्रूखाली राहणारी सैल जागा दुसरी दाबते. स्क्रूड्रायव्हर घसरतो म्हणून ७ मिलिमीटरच्या सॉकेटने आवळले. उन्हात एक दिवस गेल्यावर पीव्हीसी बसते, तेव्हा पुन्हा अर्धा फेरा. हा दुसऱ्या दिवशीचा अर्धा फेरा बहुतेक ठिकाणी राहून जातो.

मागच्या नळाचा १८ मिलिमीटरचा निपल टाकून २०.५ मिलिमीटर कड्यांचा आणला. दुकानात ‘पाऊण इंची निपल’ म्हणून मागितले तर दोन्ही मिळतात, त्यामुळे पाइपचा तुकडा बरोबर नेऊन चढवून बघणे बरे.

हिरवळीच्या अडॅप्टरमधली सगळी टेप खरवडून काढली, दोन्ही वायसर बसवले, रिंग हाताने आवळली. इथे एक अपघात थोडक्यात टळला. आधी कोणीतरी ही रिंग पान्ह्याने आवळताना नळही भिंतीत फिरवला होता. तो आणखी फिरला असता तर गळती भिंतीच्या आत गेली असती. अडॅप्टर काढता-घालताना नळाचे अंग दुसऱ्या पान्ह्याने धरायलाच हवे. क्लिक कनेक्टरच्या ओ-रिंगवर वाळूचे कण चिकटलेले होते. रिंग धुऊन सिलिकॉन ग्रीस लावले. खोबरेल किंवा इंजिन ऑइल लावू नये, काही रबरे त्याने फुगतात.

मग पीआरव्ही. तो आधी १.२ वर लावला. दुसऱ्याच दिवशी मामांची तक्रार आली की हिरवळीच्या टोकापर्यंत फवारा जात नाही. बरोबरच होते. २० मीटरच्या अर्धा इंची पाइपमध्ये मिनिटाला १५ लिटर पाणी वाहताना पाऊण किलोच्या आसपास दाब घर्षणातच जातो. १.८ वर नेल्यावर फवारा पोचला. त्या दाबाला पाऊण इंची जोडावर ५.१ किलो आणि अर्धा इंचीवर २.३ किलोचा जोर राहतो.

शेवटची गोष्ट कामाच्या सवयीची. पाणी घालून झाले की आधी नळ बंद, मग टोक उघडून पाइपमधला दाब सोडायचा, मग पाइप सावलीतल्या हुकावर टांगायचा. हे सांगून भागत नाही हे समितीला कळत होते, म्हणून मागच्या नळावर हाताने पिळायचा टायमर बसवला. मिनिटे संपली की तो आपोआप पाणी तोडतो.

निष्पत्ती

मेच्या मध्यापासून पाऊस लागेपर्यंत एकही पाइप निसटला नाही. अमेरिकन नोझल मालकाला परत गेले.

पावसाळ्यात बाग बंद होती. ऑक्टोबरमध्ये पुन्हा पाणी सुरू करताना मागच्या नळाच्या निपलपाशी पाझर दिसला. सवयीप्रमाणे क्लिप आवळायला हात गेला, पण मामांनीच आधी गेज बघितले. टोक बंद असताना काटा १.८ वर थांबायला हवा होता, तो हळूहळू चढत २.४ पर्यंत गेला. पीआरव्हीच्या आतल्या बैठकीत, म्हणजे झडप जिथे टेकते तिथे, बारीक कचरा अडकला होता. वाहत्या पाण्यात तो बरोबर काम करत होता, पाणी थांबले की थोडे थोडे पाणी झिरपून खालचा दाब वाढत होता. व्हॉल्व्ह उघडून धुतला आणि त्याच्या आधी वाय-गाळणी, म्हणजे Y आकाराची पाइपमध्ये बसणारी गाळणी, बसवली. क्लिपला हात लावावा लागला नाही.

वेगळे काय करता आले असते

गाळणी पहिल्याच दिवशी बसायला हवी होती. एसटीपीच्या पाण्यात कण असणारच, आणि पीआरव्हीला ते सोसत नाहीत.

मार्चमध्ये पहिला पाइप निसटला तेव्हाच गेज लावले असते तर एप्रिलचा रविवार आला नसता. त्या महिन्यात तीन वेळा क्लिपा-टेपवर खर्च झाला आणि तीनही वेळा गळणारी जागा गृहीत धरली गेली.

बागेच्या शाखेचा टी गच्चीवरच्या टाकीच्या तळातून निघणाऱ्या फ्लशच्या लाइनवर आहे. बागेसाठी टाकीच्या बाजूला, तळापासून तिसऱ्या हिश्श्याच्या उंचीवर वेगळे भोक घेतले असते, तर पाइप निसटला तरी फ्लशचे तिसरा हिस्सा पाणी शिल्लक राहिले असते. हे काम अजून झालेले नाही. टाकी धुण्यासाठी रिकामी होईल तेव्हा ते करायचे ठरले आहे.

तिन्ही नळांवर ‘पिण्यायोग्य नाही’ अशी पाटी लाइन बदलली त्याच दिवशी लागायला हवी होती. ती लागली जूनमध्ये. हिरवळीचा नळ मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून हातभर अंतरावर आहे, म्हणून त्याची चावी आता काढून चौकीत ठेवली जाते.